माळावरचं चौथं पाणी

बीड जिल्ह्यात जनावरं बघायला म्हणून कुणी जात नाही. आमच्याकडे लोक येतात ते लग्नाला, प्रचाराला, नाहीतर कोर्टाच्या तारखेला. मी स्वतः नेकनूरजवळच्या एका वस्तीवर वाढले. तरी तिथल्या माळावर मुद्दाम बघायला जावं असं काही आहे, हे कळायला मला दोन पदव्या आणि एक नोकरी लागली. त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात आमच्या प्राणिसंग्रहालयाने मला बारा दिवसांसाठी माझ्याच जिल्ह्यात पाठवलं. त्या बारा दिवसांची ही हकिगत.

आधी कशासाठी गेले ते सांगते. मी ज्या शहरात नोकरी करते तिथल्या प्राणिसंग्रहालयाने जुने पिंजरे पाडून एक मोठं मोकळं मैदान करायचं ठरवलं होतं. वेगवेगळ्या जातींचे प्राणी त्यात एकत्र राहतील, मध्ये जाळ्या नसतील. समितीच्या कागदांत त्याचं नाव 'सव्हाना' होतं आणि मुखपृष्ठावर एका छत्रीसारख्या झाडाखाली झेब्रे, जिराफ आणि शहामृग उभे होते. आमचे संचालक म्हणाले, आपल्याकडेही असला माळ आहे, त्यावरची जनावरं आधी आणू. कोणत्या जाती घ्यायच्या ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी तीन नावं दिली: नीलगाय, जिला आमच्याकडे रोही म्हणतात, काळवीट आणि चिंकारा. हे प्राणी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयांतून मिळणार होते.

फाल्गुनात अर्धं मैदान तयार झालं तेव्हा आम्ही तिथे रोही आणि काळवीट सोडून बघितले. तिसऱ्या आठवड्यात काळविटाचं एक पाडस मेलं. पाडसं जन्मल्यावर काही दिवस गवतात दबून पडून असतात. हे तळ्याच्या काठच्या गवतात होतं. नर रोही पाणी प्यायला आला, पाडस दचकून उठलं, आणि एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला जाळी. रोहीने मुद्दाम मारलं असं मला आजही वाटत नाही. पाडसाला पळायला जागा नव्हती एवढंच. त्याच्या आईचा डावा कान फाटलेला आहे, म्हणून आम्ही तिला कानफाटी म्हणतो. ती दोन दिवस त्या जागेपासून हलली नाही आणि तळ्याचं पाणीही प्यायली नाही. मग आम्ही सगळेच प्राणी मैदानातून काढून तात्पुरत्या आवारांत ठेवले.

समितीचं म्हणणं पडलं की दोन जाळ्या मारा, तीन कप्पे करा आणि विषय मिटवा. संचालकांनी एक महिना मागून घेतला. मला म्हणाले, "हे प्राणी जिथे खरंच एकत्र राहतात तिथे जाऊन या. कोण कुणाबरोबर राहू शकतं याची यादी आणा. यादी पटली तर मैदान राहील, नाही पटली तर जाळ्या लागतील."

खरं सांगायचं तर यादी माझ्या डोक्यात तयार होती. रोहीचं नाव खोडायचं होतं. मी फक्त पुरावा आणायला निघाले होते.

बीड

बीडच्या बसस्थानकावर उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता. समोरच्या हॉटेलात बसले. शहरात वेटर आधी पाण्याचा ग्लास आदळतो आणि मग काय पाहिजे विचारतो. इथे त्या पोऱ्याने विचारलं, "पाणी पिणार का?" मी हो म्हटल्यावर त्याने अर्धा ग्लास भरला आणि जग घेऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. मी तो संपवल्यावर उरलेला अर्धा भरला. शेजारच्या टेबलावर कुणी ग्लासात पाणी टाकून उठलं नव्हतं. चार दिवसांनी माझीही सवय तशीच झाली होती आणि ती अजून मोडलेली नाही.

वन विभागाच्या कार्यालयात माझ्या पत्रावर सही घ्यायची होती. तिथल्या बाबूंनी पत्र दोनदा वाचलं आणि जनावरं धरून नेणार का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, फक्त बघणार. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "निस्तं बघायला परवानगी कावून लागती? आमी तर रोजच बघतोत." तरी सही मिळाली. पाटोद्याच्या बाजूला एका गावाच्या माळावर तिथली दूध संस्था चारा छावणी चालवत होती. छावणीच्या कडेला रानातल्या जनावरांसाठी पाण्याचा हौद बांधला होता आणि तिन्ही जाती त्या एकाच हौदावर येत होत्या. मला हवी होती ती हीच जागा.

नेकनूर

मध्ये एक दिवस घरी गेले. आईने धपाटे केले होते आणि येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी. शहरात मी येसर डब्यात घालून नेते, पण तिथल्या पाण्यात तिला ही चव येत नाही. आई म्हणते, पाण्याचा दोष नाही, तू घाईत करतेस.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत एसटी बंद होत्या तेव्हा गावच्या दूध संस्थेच्या टेम्पोत, कॅनच्या मधल्या जागेत बसून मी परीक्षेला गेले होते. ड्रायव्हर काका केंद्राच्या दाराशी टेम्पो उभा करायचे आणि मी आत जाईपर्यंत हलवायचे नाहीत. पुढे अंबाजोगाईच्या कॉलेजात पहिल्या दिवशी प्राणिशास्त्राच्या सरांनी विचारलं, घरी कोणते प्राणी आहेत? मी लाजत सांगितलं, एक म्हैस आणि सहा शेळ्या. सर म्हणाले, मग तुझा अभ्यास बराच झालाय. त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं काढली.

आईला मी का आले ते सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "जनावरं सोडून शिकाया गेलीस, आन् आता जनावरंच बघाया परत आलीस. इथंच राहिली असतीस तर एवढा फेरा तरी वाचला असता." मग भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "पण चांगलं बघून जा. कुणाला कोंडायचं काम असंल तर लई इचार करून कर."

छावणी

पुढचा प्रवास वनरक्षक गायकवाडांच्या मोटरसायकलवर झाला. बालाघाटच्या उतारावरची सीताफळाची झुडपं नुसत्या काटक्या होऊन उभी होती. अर्ध्या वाटेत बाभळीचा काटा चाकात शिरला. गायकवाडांनी खाली वाकून बघितलं आणि माझ्याकडे केसांची पिन मागितली. तिने काटा निघाला, हवाही निघाली. पुढचे चार किलोमीटर आम्ही गाडी ढकलत चाललो. वाटेत त्यांनी जरा अडखळत सांगितलं की आठच दिवसांपूर्वी हौदाच्या पलीकडच्या पडक्या विहिरीत दोन चिंकारा पडून मेलेले सापडले. तळाशी ओलसर चिखल होता, त्याच्या वासाने उतरले असावेत. हौद जवळ असताना विहिरीत का गेले, हे त्यांना कळत नव्हतं.

छावणी म्हणजे माळावर वसलेलं एक गावच होतं. हिरव्या जाळीच्या छपराखाली गाई-बैलांच्या रांगा, प्रत्येक दावणीशी एक खाट, खाटेशी एक घागर. माणसं जनावरांबरोबर तिथेच राहायला आली होती. संस्थेचे चेअरमन बाबूराव साठीच्या पुढचे, उंच, हळू बोलणारे. त्यांनी मला राहायला संस्थेची खोली दिली. एका कोपऱ्यात दुधाचं फॅट मोजायचं यंत्र होतं आणि त्यावर कापड टाकलेलं. दूध फारच थोडं येत होतं.

चहा झाल्यावर ते आधी हौद दाखवायला घेऊन गेले. सिमेंटचा, वीस पावलं लांब, सरळ आणि देखणा. टँकर आला की संध्याकाळी भरायचा. दर्शनी बाजूला पाटी होती: 'सर्व जीवांसाठी'. मागच्या बाजूला छावणीचं तारेचं कुंपण होतं, म्हणून जनावरांना यायला एकच बाजू मोकळी. ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं. मी मात्र पाटीचा फोटो काढला.

हौद

तीन सकाळी मी पहाटेच्या उजेडात बाभळीखाली बसले. वहीत रकाने पाडले होते: कोण आलं, कधी, किती वेळ, कुणी कुणाला हटवलं.

तिन्ही दिवस एकच गोष्ट घडली. आधी नर रोही यायचा. मोठा, राखाडी, गळ्याखाली केसांचा झुपका. पाणी पिऊन झालं तरी जायचा नाही, हौदाच्या मधोमध आडवा उभा राहायचा. त्याच्या माद्या शेजारी. काळविटांचा कळप दूर थांबायचा, पुढे यायचा, रोहीने मान नुसती फिरवली की मागे जायचा. ऊन चढल्यावर रोही निघून गेला की काळवीट घाईने पिऊन जायचे, कारण तोवर छावणीतली माणसं उठून वावरायला लागलेली असायची. सगळ्यात शेवटी एक चिंकारा मादी पिल्लाला घेऊन बोराटीच्या झुडपापर्यंत यायची. कान हलवत उभी राहायची. तिन्ही दिवस ती पाणी न पिता परत गेली.

तिसऱ्या दिवशी मी वहीत लिहिलं: रोही वगळावी. खाली दोन रेघा मारल्या. पुरावा मिळाला होता. तरी मनाला बरं वाटत नव्हतं, कारण चिंकाऱ्याचं पिल्लू आईच्या पोटाखाली शिरून ढुशा देत होतं आणि आई त्याला पाजायला उभी राहत नव्हती.

"तू काय बाभळ हाईस का गं?"

मागे एक बाई उभी होती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, वय माझ्या आईएवढं. मी दिसू नये म्हणून हिरवट-खाकी कपडे घातले होते, त्यावर तिचं हसणं चाललं होतं. ही सुभाबाई. ती आणि तिचा नवरा धोंडिबा मेंढ्या घेऊन छावणीच्या कडेला तळ टाकून होते. छावणी गाई-बैलांची होती, मेंढ्यांना आत जागा नव्हती. चेअरमननी त्यांना टँकरचं पाणी मात्र लावून दिलं होतं.

"काय लिव्हती तीन दिसापासून?"

मी सांगितलं, कोण कुणाबरोबर राहू शकतं ते.

"मंग आमच्याकडं यायचं की. आमच्याकडं मेंढरं हायेत, शेरडं हायेत, घोडी हाय. समदी एकाच जागी राहतेत. म्हाताराबी तिथंच राहतो."

धोंडिबा लांबून हसले. हे त्यांनी पुष्कळदा ऐकलेलं असावं.

त्यांच्या तळावर मला शेळीच्या दुधाचा चहा आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं मिळालं. तिथेच मी पहिल्यांदा नीट बघितलं. पाण्याची भांडी चार होती: दोन पत्र्याची घमेली, एक अर्धं कापलेलं पिंप आणि एक दगडी उखळासारखं. चारही एकमेकांपासून लांब, एक तर टेकाडाच्या पलीकडे. मेंढ्या, शेळ्या आणि घोडी, तीन जातींना चार भांडी. चौथं कुत्र्यांचं असेल असं मी धरून चालले आणि विचारलं नाही. सुभाबाई बोलत होती ते मात्र लिहून घेत होते. नव्या तळावर आधी लेकुरवाळ्या मेंढ्या सोडायच्या, त्यांना जागेचे खाचखळगे कळू द्यायचे. मग बाकीच्या. घोडी सगळ्यात शेवटी. "जिला पळाया लागणार, तिला वाट आधी ठावी पाहिजे."

मी तिला चिंकाऱ्याचं सांगितलं. पुस्तकात असं आहे, म्हटलं, की चिंकारा पाण्याशिवाय बरेच दिवस काढतो, पाल्यातल्या ओलाव्यावर भागवतो.

"भागतंय की. पर पाजणारीचं न्हाई भागत. तुझ्या पुस्तकात पाजणारी हाय का?"

नव्हती. मी तिला विचारलं, मग रोहीला हाकलायचं का? ती म्हणाली, रोह्याचा काय दोष? एकच दार असलेल्या घरात थोरला दारात बसला तर बाकीच्यांनी काय करायचं? पाणी एका जागी ठेवलं म्हणून ते दोन चिंकारा विहिरीत गेले. तिने हे चेअरमनना तीनदा सांगून झालं होतं. भांडी वाढवा म्हणून. ते ऐकत नव्हते.

"कावून न्हाई ऐकत?" मीही तिच्याच बोलीत विचारलं.

"ते त्यांनाच इचार," ती म्हणाली. "मानूस वाईट न्हाई. म्हणून तर जास्ती अवघड हाय."

हे ऐकताना मला आमचं तळं दिसत होतं. मैदानाच्या मधोमध, एकच, सुंदर. प्रेक्षकांना सगळे प्राणी एकत्र पाणी पिताना दिसावेत म्हणून तसं काढलेलं. ते चित्र मीच मंजूर केलं होतं. मी जातींची यादी घेऊन आले होते आणि चूक यादीत नव्हतीच.

काहिली

दुपारी संस्थेच्या खोलीत मी चेअरमनना विचारलं. ते खिडकीपाशी जाऊन हौदाकडे बघू लागले.

"माझ्या आज्याची विहीर हाय अजून," ते म्हणाले. "मी ल्हान होतो तवा काही घरच्या बाया तिथं घागर घेऊन लांब थांबायच्या. वरून कुणी वतलं तर पाणी, न्हाई तर थांबा. म्या ते बघितलंय, बाई. आमच्याच घरची विहीर. संस्थेत आलो त्या दिवशीच ठरवलं, हितं दोन पाणी होणार न्हाईत. माणसाला न्हाई आन् जनावरालाबी न्हाई."

अशा लांब थांबणाऱ्यांत आमच्या घरातल्याही बायका होत्या. आईने मला ते एकदाच सांगितलं होतं, तेही चुलीकडे बघत. या माणसाने त्या आठवणीवर हौद बांधला होता आणि त्याच हौदामुळे एक पाजणारी मादी तहानेली परत जात होती. हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? तरी मी सांगितलं. विहिरीतल्या दोघांचंही सांगितलं. ते त्यांना माहीत होतं. हौदाशी त्याचा संबंध त्यांनी जोडला नव्हता. त्यांचा चेहरा उतरला. पण वेगळं पाणी ठेवायचं म्हटलं की मान हलत नव्हती.

सुभाबाई दारात येऊन बसली होती, आत यायची नाही म्हणून उंबऱ्यावर. तिने तिथूनच सुरुवात केली.

"भाऊ, येगळं पाणी कोण म्हणलं?"

"चार भांडी ठिवायची म्हंजे काय मंग?"

"कुणाचं कोणतं, असं म्या कवाच म्हणलं न्हाई. ज्याला जिथं वाटंल तिथं त्यानं प्यावं. रोह्यानंबी समदीकडं प्यावं. त्यो एका टायमाला चार जागी उभा राहतो का?"

चेअरमननी खिडकीतून पुन्हा हौदाकडे बघितलं.

"त्या बायांच्या टायमाला गावात चार विहिरी खुल्या असत्या, कुणीबी कुठंबी भरावं अशा, तर कोण कुणाच्या तोंडाकडं बघत थांबलं असतं?"

मग बाबूराव म्हणाले, "आन् हौद? हौद फोडायचा?"

"राहू द्या की. रोह्याला लई आवडतो त्यो."

ते हसले. छावणीवर आल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

ऊस नव्हता म्हणून त्यांचं गुऱ्हाळ दोन वर्षं बंद होतं. गुळासाठी उसाचा रस उकळायच्या तीन जुन्या काहिली, म्हणजे मोठ्या कढया, तिथे पालथ्या पडल्या होत्या. रुंद आणि उथळ, लहान जनावराची मान सहज पोचेल अशा. बैलगाडीतून त्या आणल्या. जागा सुभाबाईने ठरवल्या. एकीपासून दुसरी दिसू नये आणि प्रत्येकीला चारही बाजूंनी वाट असावी, एवढं बघून. एक ओढ्याच्या वळणावर, एक टेकाडाखाली, एक बोराटीजवळ. चेअरमननी पाटीसाठी पत्रा मागवला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

पहिल्या सकाळी काहिलींकडे कुणी फिरकलं नाही. काळवीट नवीन वस्तू बघून उलट लांब गेले. चिंकारा दिसलीच नाही. मला वाटलं, आपण असलेलंही बिघडवलं. त्या दिवशी मी भाकरी अर्धी टाकली, तेव्हा धोंडिबांनी ती उचलून कुत्र्याला घातली आणि म्हणाले, जनावराला आज दाखवलं तर ते परवा येतंय, माणसासारखं लगेच न्हाई. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या वळणावर काळविटांचे खूर उमटलेले होते.

तिसऱ्या दिवशी चेअरमन स्वतः माझ्याबरोबर बाभळीखाली येऊन बसले. पांढऱ्या कपड्यांवर सुभाबाईची घोंगडी पांघरून. रोही आला, हौदावर आडवा उभा राहिला. काळवीट थांबले नाहीत, ओढ्याकडे वळले. मग बोराटीमागून ती मादी निघाली. काहिलीपाशी आली, मान खाली घातली, वर केली, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. ती किती वेळ पीत होती ते मी वहीत लिहायला विसरले. पिऊन झाल्यावर ती तिथेच उभी राहिली आणि पिल्लू पोटाखाली शिरलं. या वेळी तिने त्याला पिऊ दिलं.

बाबूरावांनी टोपी काढून हातात घेतली होती. ते म्हणाले, "ते विहिरीतले दोन माझ्या हौदानं गेले."

मी म्हटलं, "आमचं एक पाडस माझ्या तळ्यानं गेलं."

ऊन चढेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.

परत

परतल्यावर मी समितीपुढे यादी ठेवली. जाती तिन्ही तशाच, रोहीसकट. मात्र तळं लहान करायचं, ते जाळीपासून लांब घ्यायचं आणि आणखी दोन पाणवठे करायचे, एकमेकांआड. सोडायचा क्रम सुभाबाईचा: आधी चिंकारा, मग काळवीट, रोही शेवटी. एका सदस्यांना मधलं मोठं तळं गेल्याचं वाईट वाटलं. लोक फोटो कशाचा काढणार, असं ते म्हणाले. संचालकांनी मला विचारलं, खात्री आहे? मी त्यांना काहिलीवरच्या चिंकाऱ्याचं सांगितलं. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत मुदत मिळाली. तोवर एक जरी जीव गेला तर जाळ्या.

चिंकारा सोडले, महिन्याभराने काळवीट. कानफाटी पुन्हा पोटुशी होती. काम नीट चाललं होतं. कार्यालयात भिंतीवर मैदानाचा नकाशा लावला होता आणि तीन पाणवठ्यांपुढे मी सुवाच्य अक्षरात नावं लिहिली होती: रोही, काळवीट, चिंकारा.

रोही सोडायचे त्याच्या आदल्या दिवशी दुपारी धोंडिबांच्या फोनवरून सुभाबाई बोलली. पाऊस झाला होता, छावणी उठली होती, ते मेंढ्या घेऊन पुढच्या मुक्कामाला निघाले होते. तिला माझ्या हरणांचं काय झालं ते हवं होतं. मी आनंदाने सगळं सांगितलं.

"पाणी किती जागी ठिवलं?"

"तीन. तिघांना तीन."

"मंग वाटून दिलं की गं. चौथं कुठाय?"

मी म्हटलं, चौथं भांडं कुत्र्यांचं होतं ना?

"कुत्री माझ्या हातानं पितेत. चौथं कुणाचंच न्हाई. जनावरं काय, चार दिसात आपसात वाटून घेतेत, ह्ये माझं, त्ये तुझं. मंग ज्याला हाकललं त्यानं कुठं जायाचं? एक पाणी कुणाचंच नसलेलं लागतंय. माळावरबी हौद धरून चार केली व्हती की. मोजली न्हाईस?"

मोजली होती. वहीत 'हौद एक, काहिली तीन' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. गुऱ्हाळात तीनच काहिली सापडल्या म्हणून तीन ठेवल्या, असं मी समजले होते.

मी तशीच संचालकांकडे गेले आणि रोही एक दिवस थांबवायला सांगितलं. कारण ऐकून ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. हत्तीच्या पाडलेल्या पिंजऱ्यातली पाण्याची एक दगडी डोणी गोदामामागे पडून होती. संध्याकाळपर्यंत माळी आणि आम्ही चौघांनी ती मैदानाच्या पूर्वेच्या चढावर, जिथे कुणाचाच पाणवठा नव्हता, तिथे बसवली.

दोन दिवसांनी सकाळी नर रोही माद्यांसह आत आला. सगळीकडे हुंगून झाल्यावर तळ्यावर आडवा उभा राहिला, माळावरच्या हौदावर उभा राहायचा तो नर आठवावा तसा. काळवीट आपल्या पाणवठ्याकडे वळले, तिथे नर काळविटाने कानफाटीला शिंगं दाखवून हटवलं. ती चिंकाऱ्यांच्या पाण्याकडे गेली, तिथे दोन रोही माद्या आधीच पोचल्या होत्या. ती थांबली. मी दुर्बीण तिच्यावरून हलवली नाही. मग ती वळून सावकाश चढ चढली आणि डोणीत तोंड घालून पाणी प्यायली. पोट भरेपर्यंत, एकदाही मान वर न करता.

कार्यालयात येऊन मी नकाशातली तिन्ही पाण्यांपुढची नावं खोडून टाकली.